शाळेसाठी वस्तू खरेदी करताना

शाळेसाठी माठ, टोपल्या घ्यावयाच्या असता शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम जवळच्या कुंभाराचा व बुरुडाचा विचार करावा. मात्र त्यासाठी वस्तूची पारख असणे अगत्याचे आहे.

माठ बोटाने वाजवून पाहावा. खणखणीत नाद आला तर तो नीट भाजलेला. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे असे समजावे. तैलरंगाने चकचकीत केलेला माठ घेऊ नये. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी गार होते. रंगाने छिद्रे बुजली की हे कार्य थांबते. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, हेही मुलांकडून पडताळून घ्यावे.

टोपलीस बांबूच्या बाहेरील सालीच्या कामट्या असाव्यात. आतील गाभ्याच्या कामट्या लवकर तुटतात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पेले-ताटल्यांवर देशभर बंदी असल्याने स्नेहसंमेलनास पत्रावळी व द्रोणच योग्य होत.

आता भावाविषयी. कारखान्यातील बादलीवर छापलेली किंमत आपण निमूटपणे देतो. कारागिराशी मात्र पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याचे मूल कदाचित आपल्याच वर्गात बसलेले असते. माती मळणे, चाकावर घडवणे, थापटणे, वाळवणे, भाजणे हे श्रम मुलांना समजावून द्यावेत व रास्त मोल रोख द्यावे. वडिलांच्या कसबाचा मान शाळेने राखला, तर त्या मुलाची मानही ताठ राहील.