तुरीच्या दाण्यापासून मेंदूपर्यंत

कलबुर्गीच्या तुरीची कीर्ती आपण सारेच जाणतो. तिच्या पेशींतील नवल मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. २०११ साली शास्त्रज्ञांनी तिचा आनुवंशिक लेख वाचला, तेव्हा त्याचा सुमारे निम्मा भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा निघाला. त्यात पुष्कळसे घटक जागा बदलणारे, वा आपली नक्कल अन्यत्र चिकटविणारे असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीने मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून त्यांचा शोध लावला. प्रथम अनेकांना तो पटला नाही. १९८३ साली तिला नोबेल पारितोषिक लाभले. असे घटक मानवी मेंदूच्या पेशींतही कधी कधी जागा पालटतात. एकाच मेंदूतील दोन पेशीही तंतोतंत सारख्या नसतात. मग, वाचकहो, दोन भावंडांची बुद्धी आम्ही एकाच मापाने का मोजावी?