डाउनलोड केलेला सातबारा मोबाइलमध्ये सापडत नाही? फाइल अशी शोधा, अशी सांभाळा

पीककर्जाचे नूतनीकरण, पीकविमा, ठिबकचे अनुदान अशा प्रत्येक कामाला आता कागदपत्रांच्या पीडीएफ फाइल लागतात. सेवा केंद्रावर नंबर लागतो आणि नेमका तेव्हाच मोबाइलमधला उतारा सापडत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत पुन्हा काढता येतो; पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नसेल तर अर्जच राहून जातो.

अशा वेळी फाइल बहुधा हरवलेली नसते. ती आपल्याला माहीत नसलेल्या फोल्डरमध्ये, अनोळखी नावाने पडलेली असते. म्हणून आधी एकच प्रश्न विचारावा: फाइल फोनमध्ये आली कुठून?

फाइल कुठे शोधावी?

(ही माहिती अँड्रॉइड फोनसाठी आहे. कंपनीनुसार नावांत थोडा फरक असतो.)

- संकेतस्थळावरून घेतलेली फाइल: सातबारा, आठ-अ, विम्याची पावती क्रोमवरून घेतली असेल तर क्रोम उघडा, वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबा आणि 'डाउनलोड्स' निवडा. हीच फाइल फोनमधील 'फाइल्स', 'माय फाइल्स' किंवा 'फाइल मॅनेजर' या अॅपच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्येही दिसते.
- व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल: ही सहसा 'डाउनलोड'मध्ये जात नाही, व्हॉट्सअॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहते. ज्याने पाठवली त्याचे चॅट उघडा, वर त्याच्या नावावर दाबा आणि मीडिया, लिंक व डॉक्युमेंट असलेल्या भागात जा. तिथे 'डॉक्स'मध्ये ती मिळते.
- काहीच आठवत नसेल तर: फाइल्स अॅपमधील 'डॉक्युमेंट्स' विभाग उघडा आणि यादी तारखेनुसार लावा. ज्या दिवशी फाइल घेतली, त्या दिवसाच्या आसपास ती दिसेल.

फाइल सापडली, पण उघडताना पासवर्ड मागते असेही होते. ई-आधारचा पासवर्ड आठ अक्षरांचा असतो: आधारवरील इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्षाचे चार अंक.

नाव त्याच दिवशी बदला

संकेतस्थळावरून आलेल्या फाइलचे नाव बहुधा आकड्यांची लांबलचक रांग असते. महिन्याभरानंतर त्यावरून काहीच कळत नाही. फाइलवर बोट दाबून धरा, तीन ठिपक्यांमधून 'रीनेम' निवडा आणि कागद, गट क्रमांक, महिना व वर्ष या क्रमाने नाव द्या. उदाहरणार्थ: सातबारा-गट११२-जून२०२५. नावात '७/१२' लिहू नका; फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही.

यानंतर 'शेती कागदपत्रे' नावाचे एक फोल्डर तयार करून त्यात पुढील फाइल हलवा:

- सातबारा, आठ-अ, फेरफार
- पीकविम्याची पावती (अर्ज क्रमांक यातच असतो)
- माती परीक्षण अहवाल
- बियाणे, खते व औषधांच्या पक्क्या बिलांचे फोटो
- बँक पासबुकाचे पहिले पान

बियाण्याची उगवण झाली नाही, तर तक्रारीसाठी पक्के बिल आणि पिशवीवरील लेबल लागते. पेरणीच्या दिवशीच दोन्हींचा स्पष्ट फोटो काढून याच फोल्डरमध्ये ठेवा. मूळ बिल व लेबलही जपावे.

जागा मोकळी करताना

'स्टोरेज फुल' दिसले की अनेक जण अख्खे डाउनलोड फोल्डर रिकामे करतात. त्याऐवजी व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमधील 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये जाऊन 'मॅनेज स्टोरेज' उघडा. सर्वात मोठे व्हिडिओ तिथे वर दिसतात, ते आधी काढा. तिथेच मीडिया आपोआप डाउनलोड होणे बंद केले तर शुभेच्छांचे व्हिडिओ साठणार नाहीत.

चुकून फाइल पुसली गेली, तर फाइल्स अॅपमधील 'ट्रॅश' लगेच पाहा. काही दिवसांनी तेथूनही ती कायमची जाते. व्हॉट्सअॅपवरील जुनी फाइल पुन्हा डाउनलोड होईलच असे नाही. फोन विहिरीत पडला तरी कागद हाती राहावेत, यासाठी महत्त्वाच्या फाइल गूगल ड्राइव्हवर किंवा स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवा.

दोन खबरदाऱ्या

१. पीएम-किसानच्या हप्त्याच्या किंवा अनुदानाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर '.एपीके'ने संपणारी फाइल आली तर ती उघडू नका. ते कागदपत्र नसते, अॅप असते. ते फोनमध्ये बसले की बँकेचे ओटीपी चोरले जाऊ शकतात. अॅप नेहमी प्ले स्टोअरवरूनच घ्या. खात्यातून पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा.

२. छपाईसाठी केंद्रचालकाच्या मोबाइलवर आधार पाठवले असेल, तर छपाई होताच ते त्यांच्याकडून पुसून घ्या. चालत असेल तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' द्या.

कृषी सहायक व गटप्रमुखांनी मुदतीआधीच्या बैठकीत प्रत्येकाला आपापल्या फोनमधील विम्याची पावती उघडून दाखवायला सांगावे. ज्यांना ती सापडत नाही, त्यांचे फोल्डर तिथेच तयार करून द्यावे. शेवटच्या दिवशीची धावपळ यामुळे बरीच कमी होईल.