ख्रिस्ती संतचरित्रांतील पश्चात्ताप, श्रद्धा आणि धैर्य : एक आकलन

प्रस्तावना

मराठी वाचकाला ‘संत’ हा शब्द मुख्यतः वारकरी परंपरेतून परिचित आहे. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम यांना संतपद लोकमानसाने बहाल केले. त्यासाठी कोणत्याही धर्मपीठाच्या घोषणेची आवश्यकता भासली नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेत मात्र दीर्घ चौकशीनंतर पोप एखाद्या व्यक्तीस संत म्हणून अधिकृतपणे घोषित करतात. प्रारंभीच्या शतकांत तेथेही लोकमान्यता हाच प्रमुख निकष होता. संतपदाची पद्धत भिन्न असली तरी संतचरित्रांच्या वाचनातील एक दोष दोन्हीकडे समान आढळतो. चमत्कार आणि अलौकिकत्व यांवर भर दिल्यामुळे संत पूजनीय ठरतो, परंतु अनुकरणीय राहत नाही. वस्तुतः ज्या चरित्रांत संताची चूक, त्याचा संशय आणि त्याच्यापुढील संकट जसेच्या तसे नोंदले गेले आहे, तीच चरित्रे शिकण्याच्या दृष्टीने अधिक मोलाची होत. या भूमिकेतून प्रस्तुत लेखात तीन संतांच्या जीवनाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. पश्चात्ताप, श्रद्धा आणि धैर्य या मूल्यांचा ख्रिस्ती परंपरेतील अर्थ स्पष्ट करणे.
२. संत ऑगस्टीन, संत तेरेसा (मदर तेरेसा) आणि संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रांतून या मूल्यांचा शोध घेणे.
३. या मूल्यांचा परस्परसंबंध आणि उच्च शिक्षणातील त्यांचे स्थान तपासणे.

पश्चात्ताप : संत ऑगस्टीन

नव्या करारात पश्चात्तापासाठी योजलेला ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द केवळ हळहळ सुचवीत नाही. मनाची दिशा बदलणे असा त्याचा अर्थ आहे. या अर्थाचे सर्वांत सविस्तर उदाहरण ऑगस्टीन यांचे होय. त्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते (सध्याच्या अल्जीरियातील सूक अहरास) येथे झाला. ते वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक होते. मानी पंथात त्यांनी सुमारे नऊ वर्षे घालवली. मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, ३८६ मध्ये त्यांचे मनःपरिवर्तन झाले आणि ३८७ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे हिप्पो येथे बिशप झाल्यानंतर, इ. स. ४०० च्या सुमारास त्यांनी ‘कन्फेशन्स’ हा तेरा भागांचा ग्रंथ लिहिला. सोळाव्या वर्षी सवंगड्यांसह केलेली नाशपातींची चोरी त्यांनी त्यात तपशीलवार सांगितली आहे. भूक नसताना, केवळ निषिद्ध कृत्याच्या आनंदासाठी ती फळे चोरली आणि डुकरांपुढे टाकली, अशी त्यांची कबुली आहे. चोरी क्षुल्लक होती. तिच्यामागील वृत्ती त्यांना क्षुल्लक वाटली नाही. मात्र या कबुलीलाही मर्यादा आहेत. अनेक वर्षे सोबत राहिलेल्या आणि आपल्या पुत्राची माता असलेल्या स्त्रीला दूर करावे लागल्याचे दुःख ते नोंदवतात. परंतु तिचे नाव ग्रंथात कोठेही येत नाही. तिच्या बाजूने ही कथा सांगितली गेलेली नाही, याचे भान चिकित्सक वाचकाने ठेवले पाहिजे.

अध्यापकांच्या दृष्टीने त्यांची एक उत्तरकालीन कृती विशेष उल्लेखनीय आहे. मृत्यूपूर्वी काही वर्षे, इ. स. ४२६-४२७ च्या सुमारास, ऑगस्टीन यांनी आपले नव्वदहून अधिक ग्रंथ पुन्हा तपासले आणि त्यांतील चुका, अतिरेकी विधाने व बदललेली मते यांची नोंद करणारा ‘रिट्रॅक्टेशन्स’ हा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. कीर्तीच्या शिखरावरील विद्वानाने स्वतःच्या लेखनाची अशी जाहीर तपासणी करणे हा पश्चात्तापाचा बौद्धिक आविष्कार होय.

श्रद्धा : संत तेरेसा

श्रद्धा म्हणजे संशयाचा पूर्ण अभाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मदर तेरेसा यांच्या चरित्राने ती समजूत दुरुस्त केली. १९१० मध्ये स्कोपिए येथे जन्मलेल्या तेरेसा १९२९ मध्ये भारतात आल्या आणि कोलकात्यात लॉरेटो संस्थेच्या शाळेत अध्यापन करू लागल्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या रेल्वे प्रवासात गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक त्यांना जाणवली. १९५० मध्ये ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संस्थेला मान्यता मिळाली.

त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली. सेवाकार्य सुरू झाल्यापासूनच परमेश्वराच्या सान्निध्याचा अनुभव नाहीसा झाला होता आणि अल्पकाळाचा अपवाद वगळता हा अंधार आयुष्यभर टिकला, असे त्या पत्रांतून स्पष्ट झाले. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात ईश्वरविद्येचे अध्यापन केलेले येशूसंघीय धर्मगुरू योसेफ नॉयनर यांच्याशी त्यांनी या अवस्थेसंबंधी पत्रव्यवहार केला होता. हा अंधार आपल्या कार्याचाच एक भाग आहे, हे आकलन त्यांना या संवादातून लाभले. अनुभूतीचा आधार नसतानाही दिलेल्या वचनाशी एकनिष्ठ राहणे आणि दररोज पहाटे उठून कामाला लागणे, असा श्रद्धेचा अर्थ या जीवनातून हाती लागतो. ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संत घोषित करताना हा अंधार लपवला गेला नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

धैर्य : संत गोन्सालो गार्सिया

धैर्याच्या विवेचनासाठी महाराष्ट्राच्याच भूमीतील उदाहरण उपलब्ध आहे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमलाखालील वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. तारुण्यातच ते येशूसंघीयांसोबत जपानला गेले आणि जपानी भाषेत पारंगत झाले. येशूसंघात प्रवेश न मिळाल्यामुळे काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानमध्ये आले. धर्मप्रसारकांना देशाबाहेर जाण्याचा आदेश तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच काढला होता. म्हणजे हे परतणे अजाणता झालेले नव्हते.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि धर्मप्रसारामागून राज्यविस्तार येईल ही शंका बळावली. अटक झालेल्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून ऐन हिवाळ्यात त्यांची क्योतोपासून नागासाकीपर्यंत धिंड काढण्यात आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. त्यांपैकी पॉल मिकी यांनी क्रुसावरून आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद मिळाले.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या काळात हे ख्रिस्ती जपानमध्ये सत्तेविना मरण पत्करत होते, त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने १५६० पासून धर्मन्यायालय कार्यरत होते. श्रद्धेसाठी स्वतः सोसणे आणि श्रद्धेच्या नावाने इतरांना सोसावयास लावणे या दोन गोष्टी एक नव्हेत. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या सदस्यांकडून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पश्चात्ताप व्यक्तीप्रमाणे संस्थेलाही आवश्यक असतो, हेच त्यातून सूचित होते.

परस्परसंबंध आणि शैक्षणिक आशय

वरील तीन मूल्ये परस्परावलंबी आहेत. पश्चात्तापाविना श्रद्धा अहंकारी होते, श्रद्धेविना पश्चात्ताप निराशेकडे नेतो आणि या दोहोंविना धैर्य आक्रमक बनते. बहुधर्मीय वर्गात या चरित्रांचे अध्ययन धर्मोपदेश म्हणून नव्हे, तर मानवी दस्तऐवज म्हणून करता येईल. त्यासाठी चमत्कारकथा आणि ऐतिहासिक नोंदी यांत फरक करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, तसेच चरित्रात ज्यांचा आवाज उमटलेला नाही त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे आवश्यक ठरेल.

निष्कर्ष

संतत्व म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हा या विवेचनाचा प्रमुख निष्कर्ष होय. ऑगस्टीन यांनी चूक लिहून ठेवली, तेरेसा यांनी अंधारात काम चालू ठेवले आणि गोन्सालो गार्सिया यांनी धोका ओळखूनही पाऊल मागे घेतले नाही. मूल्यशिक्षणाचा पाठ देणाऱ्या अध्यापकाने वर्गात स्वतःच्या विधानातील चूक मोकळेपणाने मान्य केली, तर या चरित्रांचा आशय विद्यार्थ्यांपर्यंत कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक प्रभावीपणे पोहोचेल.