बी अडकलं कुठे?

नेसरी सोडून चंदगडकडे निघालं की पाऊस वाढत जातो आणि डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सडे लागतात. श्रावण-भाद्रपदात गेंदांच्या आणि सीतेच्या आसवांच्या फुलांनी भरलेला सडा होळीला बघावा: तापलेला तवा. बॉक्साइटसाठी असा माथा उकरला की वरची वीतभर मातीही जाते. मग पाऊस धो धो पडला तरी उरतं ते वाळवंटच.

अशा उजाड जमिनीवर बियांपासून हिरवळ उभी करायची धडपड जुनी आहे. १९३० च्या दशकात मारवाड संस्थानाने विलायती बाभळीचं बी चक्क विमानातून फेकलं. बाभूळ रुजली, पण पुढे कच्छच्या बन्नीतली कुरणंही तिने गिळली. जोधपूरला १९५९ पासून काम करणाऱ्या काझरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने गवताकडे लक्ष दिलं. सेवण, अंजन यांचं बी हलकं, वाऱ्यावर उडणारं; म्हणून चिकणमाती, शेण आणि वाळूत त्याच्या गोळ्या वळल्या.

आपल्याकडे महाराष्ट्रात डोळे उघडले ते १९७२ च्या दुष्काळाने. पुढच्या दशकांत डोंगरउतारावर समतल चर निघाले आणि चराच्या भरावावर स्टायलोचा चारा, हिवर, बाभूळ पेरलं जाऊ लागलं. चरात पाणी मुरतं, भरावाची माती भुसभुशीत. बियाला धरायला जागा मिळते. हिवरेबाजारात १९८९ नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, तेव्हा उगवलेलं टिकलंही. गंमत म्हणजे गुरं-शेळ्या राखणाऱ्यांना अर्धं गणित आधीच ठाऊक होतं: शेळीच्या पोटातून आलेलं बाभळीचं बी लवकर उगवतं, म्हणून ते वाड्यातल्या लेंड्यांतून वेचायचं.

खाणींसाठी १९८८ च्या नियमांतच वरची माती वेगळी ठेवून पुन्हा पसरायची अट घातली गेली. त्या मातीत सड्याचं स्वतःचं बी असतं. पण ढीग वर्षानुवर्षं पडून राहिला की ते मरतं. मग घाईने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ हिरवी दिसते, तिच्याखाली गेंद मात्र फुलत नाही.

हल्ली जूनमध्ये सीडबॉल, म्हणजे मातीत वळलेल्या बियांचे गोळे, फेकायची हौस आहे. कातळावर पडलेला गोळा पहिल्या पावसात फुटतो, अंकुर येतो आणि आठवड्याच्या उघडिपीत करपतो. बंद पडलेल्या खाणीच्या वाटेवर मात्र डंपरच्या चाकोरीत गाळ साचतो. कुणी न पेरलेलं गवत तिथेच उभं असतं, दोन सरळ ओळींत.