जनावरांच्या कुंपणासाठी झटका मशीन कसे निवडावे?

मुक्तसंचार गोठ्याभोवतीचे कुरण असो, घासाचा किंवा नेपियरचा प्लॉट असो, गाई आत राहाव्यात आणि रानडुकरे, मोकाट जनावरे बाहेर राहावीत यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात झटका मशीनचा वापर वाढला आहे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो "किती एकराचे देऊ?" हा. खोक्यावरही एकर किंवा किलोमीटरच छापलेले असतात. हा आकडा ओली जमीन, स्वच्छ तार आणि उत्तम अर्थिंग धरून काढलेला असतो. एप्रिल-मे महिन्यात पारनेर, कर्जत, जामखेडच्या रानात यातले काहीच नसते.

दुकानदाराला एकच आकडा विचारा: मशीनची ऊर्जा बाहेर पडताना किती जूल आहे? पुष्कळ ठिकाणी आत साठवलेले जूल सांगितले जातात. त्यातला काही भाग मशीनमध्येच जिरतो, त्यामुळे तारेवर येणारा आकडा नेहमी कमी असतो. व्होल्टेजला भुलू नका. मोकळ्या तारेवर आठ-दहा हजार व्होल्ट लहान मशीनही दाखवते. गाजरगवत तारेला टेकले की ते किती उरतात, हे जूलवर ठरते.

तारेची लांबीही नीट मोजा. एक एकराच्या चौकोनी तुकड्याचा घेर साधारण २५५ मीटर भरतो. गाईंसाठी दोन तारा ओढल्या तर लांबी ५१० मीटर, शेळ्यांसाठी पाच ओढल्या तर सव्वा किलोमीटरच्या पुढे. संकरित गाय एकदा सवयीची झाली की दोन-तीन हजार व्होल्टला मागे सरते. संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी मात्र अवघड. केस आणि लोकर झटका अडवतात, शिवाय शेळी तारेखालून वाट शोधते. त्यांच्यासाठी चार हजार व्होल्टच्या वर दाब आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर पहिली तार हवी. रानडुकरासाठीही हीच खालची तार कामाची. एक-दोन एकराच्या, गवत काढून स्वच्छ ठेवलेल्या कुंपणाला बाहेर पडणारे एक जूल पुरते. शेळ्या असतील किंवा पावसाळ्यात गवत काढणे होणार नसेल तर दीड-दोन जूलचे घ्या.

खरी गोची अर्थिंगची

मशीन चांगले आणि झटका लागत नाही, अशी तक्रार उन्हाळ्यात हमखास येते. झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे गेला तरच लागतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईभोवती पोकळी होते. मुरमाड रानात तर ओल खाली गेलेली असते. म्हणून एका सळईवर भागवू नका. सहा फुटी जीआयच्या किमान तीन सळया, दहा-दहा फुटांवर ठोका आणि एकाच तारेने जोडा. जागा ओलीची निवडा: जनावरांच्या हौदाखालची किंवा गोठ्याच्या पाण्याच्या चरीजवळची. ठिबकचा एक ड्रीपर सळयांवर सोडला तरी फरक पडतो. घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून मात्र किमान १० मीटर लांब राहा.

तपासणी सोपी आहे. मशीन बंद करून १०० मीटर लांब, दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवा. मशीन सुरू करा. तारेवरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला पाहिजे. आता कुंपणाच्या मीटरने अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर मोजा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कमी आहे, आणखी सळया ठोका. ही चाचणी मे महिन्यात करा, जुलैमध्ये सगळ्यांचेच अर्थिंग चांगले असते. मुरमाड रानात तरीही जमले नाही तर एक तार झटक्याची, एक तार अर्थिंगची अशी आलटून पालटून ओढा. जनावर दोन्हींना टेकले की झटका बसतो, जमीन कोरडी असली तरी.

बॅटरी आणि पॅनल

शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे सोलरचे मशीन सोयीचे. समजा मशीन १२ व्होल्टवर पाव अँपिअर खाते, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर. पावसाळ्यात तीन दिवस ऊन नाही असे धरा: १८. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही, म्हणून ४० ची बॅटरी आणि ४० वॉटचे पॅनल घ्या. याच मशीनला १२ ची बॅटरी लावली तर ढगाळ हवेत ती दुसऱ्या दिवशी बसते.

जीवाशी खेळ नको

मशीनवर आयईसी ६०३३५-२-७६ या मानकाचा उल्लेख पाहा. त्यानुसार दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असते आणि ५०० ओहम भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा जास्त नसते. त्या एका सेकंदात माणूस हात सोडवू शकतो.

थेट लाईनवरून तारेत सोडलेल्या विजेला असे थांबणे नसते. हात चिकटतो तो चिकटतोच. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी, शेळीमागे धावणारे पोर, कधी स्वतः मालक त्यात जातो. आकडा टाकणे ही विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली चोरी आहे, आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. बिबट्या किंवा काळवीट मेले तर वन्यजीव कायदाही आहे. कृषी सहायकांनी बांधावर अशी तार दिसली तर गप्प बसू नये.

काटेरी तारेत झटका सोडू नका, अडकलेले जनावर सुटत नाही. एका कुंपणाला दोन मशीन जोडू नका, आणि शेजाऱ्याच्या मशीनच्या तारेपासून अडीच मीटर अंतर ठेवा. आपल्याकडचे बांध पाहता हे अंतर क्वचितच मिळते. त्यापेक्षा सामाईक बांधावर दोघांत एकच मशीन लावलेले बरे, खर्चही वाटला जातो. रस्त्याकडेने पिवळे फलक लावा.

उसात बिबट्याचा वावर असलेल्या अकोले, संगमनेर, राहुरीकडे एक गोष्ट लक्षात ठेवा: झटक्याची तार बिबट्याला अडवेलच असे नाही, तो उडी मारतो. शेळ्या आणि वासरे रात्री वरून-बाजूने बंद गोठ्यातच ठेवा. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. तुमचे गाव त्यात बसते का, हे वनरक्षकाला मशीन घेण्यापूर्वी विचारा.