आमदारकीच्या प्रचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून : ही कल्पना नेमकी काय आहे?

वस्तीत वीस वर्षे काम केलेला कार्यकर्ता विधानसभेला उभा राहतो म्हणाला, की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "पैसा आहे का?" विचार, काम, अभ्यास हे सगळे नंतर.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला प्रचारावर ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. २०२२ पासून ही मर्यादा लागू आहे. अनामत रक्कम १०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ती ५,००० रुपये भरावी लागते. म्हणजे सवलत अर्ज भरण्यापुरती आहे, प्रचारासाठी काहीच नाही. शिवाय मर्यादा फक्त उमेदवाराच्या खर्चाला आहे. पक्ष आपल्या सर्वसाधारण प्रचारावर कितीही खर्च करू शकतो.

राज्यातल्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आरक्षणाने जागा मिळते, पण तिकीट आणि पैसा बहुतेक वेळा प्रस्थापित पक्षांच्या नेत्यांच्या हातात असतो. मग निवडून आलेला आमदार सभागृहात कोणाच्या बाजूने बोलणार? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांतल्या विसंगतीचा इशारा दिला होता. निवडणूक खर्च हे त्या विसंगतीचे रोज दिसणारे रूप आहे.

मेन राज्याने काय केले?

अमेरिकेतल्या मेन या छोट्या राज्यात १९९६ साली मतदारांनी सार्वमताने एक कायदा मंजूर केला. २००० च्या निवडणुकीपासून तो अमलात आला. त्याची पद्धत साधी आहे. राज्याच्या कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवाराने आपल्या मतदारसंघातल्या किमान ६० मतदारांकडून प्रत्येकी ५ डॉलर गोळा करायचे. हे पैसे उमेदवाराच्या खिशात जात नाहीत, सरकारी निधीत जमा होतात. एवढे लोक मागे आहेत हे सिद्ध झाले, की प्रचाराचा खर्च त्या निधीतून मिळतो. त्यानंतर खाजगी देणग्या घेता येत नाहीत. हिशेब द्यावा लागतो आणि उरलेली रक्कम परत करावी लागते.

यात पात्रता पैशाने ठरत नाही, माणसांच्या संख्येने ठरते. पक्ष मोठा की छोटा, उमेदवार अपक्ष आहे का, याला महत्त्व नाही. २००८ पर्यंत तिथले बहुसंख्य उमेदवार याच मार्गाने लढू लागले होते.

अॅरिझोनाने १९९८ मध्ये असाच कायदा केला. तिथे निधीचा मोठा भाग दंडांवरच्या अधिभारातून येतो. कनेक्टिकटच्या गव्हर्नरना भ्रष्टाचाराच्या प्रकरणामुळे २००४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला आणि निधीसाठी बेवारस ठेवी व मालमत्तेतून येणारा पैसा वापरला.

अडचणी कोणत्या?

ही योजना ऐच्छिक आहे, श्रीमंत उमेदवार बाहेर राहू शकतो. असा प्रतिस्पर्धी जास्त खर्च करू लागला, तर सरकारी निधी घेणाऱ्याला जादा रक्कम द्यायची, अशी तरतूद अॅरिझोनात होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. मेनच्या मतदारांनी २०१५ मध्ये पुन्हा सार्वमत घेऊन वेगळी वाट काढली : जास्त लोकांचे ५-५ डॉलर आणा, जास्त निधी मिळवा. बाहेरच्या गटांचा प्रचारावरचा खर्च मात्र तिथेही थांबलेला नाही.

भारतात चर्चा कुठे अडली?

१९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी खर्चाची शिफारस केली होती. पण मदत रोख नव्हे, वस्तू आणि सुविधांच्या रूपात, आणि तीही फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्यस्तरीय पक्षांना. अपक्ष आणि नवे पक्ष बाहेर. २०१५ मध्ये विधी आयोगाने, सध्याच्या परिस्थितीत संपूर्ण सरकारी खर्च व्यवहार्य नाही, असे मत दिले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले. मात्र पैसा कुठून यावा, हा प्रश्न तसाच राहिला.

मित्रांनो, आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा इथेच आहे. 'सरकारी खर्चाने निवडणूक' एवढीच मागणी केली, तर तो पैसा आधीच बलाढ्य असलेल्या पक्षांकडे जाईल. पात्रता कशी ठरवायची, यावर आपण बोलले पाहिजे. छोट्या वर्गणीची पद्धत संघटन बांधणाऱ्याला बळ देते. वर्गणी आणि लोकवर्गणीवर चळवळ चालवण्याचा अनुभव आपल्याकडे आहेच.

पण मेनची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. ६० माणसे इथे विकत घेता येतील, म्हणून संख्या मोठी हवी आणि मतदार यादीशी पडताळणी हवी. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. गावात मजुराने कोणाला वर्गणी दिली हे उघड झाले, तर त्याचे काम आणि सुरक्षितता दोन्ही धोक्यात येतात. म्हणून छोट्या वर्गणीदारांची नावे तपासणी यंत्रणेकडेच गोपनीय राहिली पाहिजेत, आणि मोठ्या देणगीदारांची जाहीर झाली पाहिजेत.

कायदा होईपर्यंत एक काम आजच करता येते. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो कोणालाही ठराविक शुल्क भरून पाहता येतो. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांचे हिशेब मिळवा. डोळ्यांनी पाहिलेला प्रचार आणि कागदावरचा आकडा शेजारी मांडा. सभांमध्ये बोलायला यापेक्षा ठोस मुद्दा दुसरा सापडणार नाही.