तोशीस कोणीं सोसावी? : क्लाउड सेवेच्या करारनाम्यांतील एक कलम

गांवोगांवच्या प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांचें दप्तर संगणकावर नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजूर केली. प्रारंभीं तींत ६३,००० संस्था व २,५१६ कोटि रुपयांचा खर्च धरला होता. या योजनेस 'क्लाउड'चा आधार आहे. क्लाउड म्हणजे दूरच्या शहरीं असलेले कंपनीचे मोठाले संगणक, व त्यांत आपल्या दप्तरासाठीं भाड्यानें घेतलेली जागा. सरकारी योजनेचे करारमदार वरच्यावर होतात. परंतु खरेदीविक्री, गोदाम, दूधसंकलन यांकरितां कित्येक संस्था हल्लीं अशी जागा स्वतंत्रपणें घेतात, आणि तेथें सही संस्थेच्या चिटणिसाचीच असते.

असा एक करारनामा नुकताच आमच्या पाहण्यांत आला. चिटणिसांनीं तो मान्य केला होता. वाचला मात्र नव्हता. त्यांतील नुकसानभरपाईच्या कलमाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें कलम मुळीं नवीन नाहीं. महसूल खात्यांत आमची हयात गेली. फेरफारासाठीं आलेल्या खरेदीखतांत बहुधा अशी बोली असे कीं, मिळकतीवर कोणाचा हक्क निघाल्यास विकणारानें स्वखर्चानें निवारण करावें, घेणारास तोशीस लागूं देऊं नये. १८७२ च्या करार कायद्याचें कलम १२४ याच जातीच्या वचनाविषयीं आहे. भेद इतकाच कीं, खरेदीखतांत वचन विकणारा देतो. क्लाउडच्या करारांत तें पुष्कळदां घेणाराकडूनच लिहून घेतात.

म्हणून पहिला प्रश्न हा कीं, कोण कोणास वांचवितो? सामान्यतः ग्राहक लिहून देतो कीं, आपण ठेविलेल्या माहितीवरून तिऱ्हाइतानें कंपनीवर दावा केल्यास त्याचा भार आपण उचलूं. उलट कंपनी बहुधा इतकेंच लिहून देते कीं, तिच्या सेवेनें दुसऱ्याच्या पेटंटाचा वा कॉपीराइटाचा भंग झाल्याचा दावा आल्यास ती निस्तरील. सभासदांच्या बँकखात्यांची माहिती चोरीस गेल्यास काय, याविषयीं पुष्कळदां मौन असतें. हें मौन महाग पडेल. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा, जो टप्प्याटप्प्यानें अमलांत येत आहे, मुख्य जबाबदारी माहिती घेणाऱ्या संस्थेवरच ठेवितो, मग काम तिनें दुसऱ्याकडून करून घेतलें असलें तरी. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपये आहे.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. कंपनीची जबाबदारी पुष्कळदां मागील बारा महिन्यांच्या भाड्याइतकी ठरविलेली असते. समजा, भाडें दरमहा ४,००० रुपये आहे. मग ती ४८,००० रुपयांवर संपली. नुकसान पांच लाखांचें झाल्यास बाकी ४,५२,००० रुपये सभासदांच्या माथीं! ग्राहकाच्या वचनास मात्र अशी मर्यादा कित्येकदां नसतेच.

तिसरा प्रश्न वागणुकीचा. दावा येतांच लेखी कळविणें व संमतीशिवाय तडजोड न करणें, अशा अटी असतात. नोटीस खणांत पडून राहिली, तर हक्कास बाध येऊं शकतो.

चौथा प्रश्न कोर्टाचा. आमच्या नवापूर स्टेशनावर बाकाचें एक टोंक महाराष्ट्रांत, तर दुसरें गुजराथेंत आहे. प्रवाशास त्याची गंमत वाटते. परंतु दावा दूरच्या शहरींच चालेल असें करारांत लिहिलें असल्यास शेतकऱ्यास त्यांत गंमत वाटणार नाहीं.

आतां कोणी म्हणेल, पदरचे पैसे भरल्यावरच भरपाई मागतां येते ना? तसें नाहीं. गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यांत मुंबई हायकोर्टानें १९४२ सालीं याचा निर्णय केला. प्रतिवादीच्या इमारतीच्या मालाच्या देण्यापायीं वादीनें जागा गहाण लिहून दिली होती, व त्यास या बोजांतून मोकळें करण्याचें प्रतिवादीनें कबूल केलें होतें. वादीचें अद्याप नुकसान झालें नाहीं, सबब दावा अकालीं आहे, असा बचाव झाला. न्यायमूर्ति छगला यांनीं तो मानला नाहीं. देणें निश्चितपणें अंगावर आलें असल्यास तें भरण्यापूर्वींही वचन देणारास तें फेडावयास लावतां येतें, असें त्यांनीं ठरविलें. परंतु हें शस्त्र दुधारी आहे. वचन संस्थेनें दिलें असेल, तर कंपनीही स्वतः कांहीं न भरतां संस्थेच्या दारीं येऊं शकेल.

यास्तव सही करण्यापूर्वीं हें कलम व्यवस्थापक मंडळापुढें मोठ्यानें वाचावें व वकिलास दाखवावें. वचन दोहों बाजूंचें असावें, माहितीची चोरी त्यांत स्पष्ट यावी, आपल्या जबाबदारीसही मर्यादा असावी, व कोर्ट नंदुरबारचें मागावें. कंपनी ऐकत नसल्यास दुसरी पाहावी. तेंही न साधल्यास नको ती माहिती तेथें ठेवूं नये व दप्तराची एक प्रत आपल्यापाशीं राखावी. खरेदीखत न वाचतां शेत घेणारा मनुष्य आपल्या गांवांत मिळणार नाहीं. मग शेंकडों सभासदांचें दप्तर परक्याच्या हवालीं करतांना आपण डोळे कां मिटावे?